आटपाडीच्या कचेरीतला गोबर गॅस

४ फेब्रुवारी १९७४, आटपाडी
सांगलीहून परिपत्रक आले. रॉकेल मिळत नाही, झाडे तुटतात, तरी कचेऱ्यांनी यापुढे खरेदी करताना निसर्गाची हानी टाळावी. आमच्या पंचायत समितीत खरेदी म्हणजे मी. दोनदा वाचले. चहाच्या चुलीला आणि विश्रामगृहाच्या बंबाला आपण बाभळीचे सरपण घेतो. ते बंद. गोबर गॅस घ्यायचा. मार्चअखेर मोठे साहेब तपासणीला येतील, निळ्या ज्योतीवरचा चहा पितील आणि माझी सांगलीला बदली करतील.
सौ. तिकडेच, सांगलीत माहेरी आहे. दिवस एप्रिलात भरतात. मागच्या दोन्ही खेपांना मी जतला होतो, पोरे झाल्याचे मला पोस्टमनने सांगितले. या खेपेला तसे होणे नाही.

९ फेब्रुवारी
बीडीओ साहेबांची सही झाली. जमेल ना, म्हणाले. म्हटले, शंभर टक्के. आकाराम शिपायाने विचारले, "पर सायेब, आपल्या हापिसात जनावर हाय का एक तरी?" दूरदृष्टी कमी. खेड्यात शेणाला काय तोटा?

२६ फेब्रुवारी
खड्डा, बांधकाम, वर लोखंडी टाकी; आत गॅस साठला की ती वर उचलते. सगळे तयार. टाकीला हिरवा रंग दिला. उरलेले सरपण वाटून टाकले, चूल फोडली. दोर कापल्याशिवाय माणूस लढत नाही. सौ.ला लिहिले, अक्षय्यतृतीया बहुतेक एकत्र.

२ मार्च
शेण नाही. आकाराम पाटी घेऊन गावभर हिंडला आणि रिकामा परत आला. गावातला शेणाचा एकूण एक पो कुणाच्या तरी मालकीचा आहे म्हणे. शेणी थापून विकणारी बनुबाई त्याच्या अंगावर गेली. "माजी चूल शेनीवर पेटती. सरकारला दुसरं काय न्हाई का गोळा करायला?" अज्ञान. एवढ्या पुढच्या गोष्टी यांना कळायला वेळ लागेल.

७ मार्च
कोंडवाडा! आधी कसे सुचले नाही? मोकाट गुरे तिथेच कोंडतात. राखणदार बिराप्पाशी बोललो, शेण आपले. रात्री छान झोप लागली.

१२ मार्च
मालक संध्याकाळीच येतात, दंड भरतात, गुरे सोडवतात. शेण मिळायचे कधी? बिराप्पाला सुचवले, किल्ली सापडत नाही म्हणत जा. खोटे बोलणे नव्हे, निसर्गाची सेवा.

१५ मार्च
गुरे अडकली, तरी शेण आटले. उपाशी जनावर शेण टाकत नाही हे मला कुणीच सांगितले नव्हते. दुष्काळातून कशीबशी वाचलेली हाडे ती. कडबा स्वतःच्या पैशाने आणला. सौ.ला यंदा लुगडे नाही.

१६ मार्च
लोकांनी कोंडवाड्याचे दार उचकटून गुरे नेली. कडबा खाऊन झाल्यावर नेली. त्यात बनुबाईची गायही होती, हे आज कळले. बिराप्पाने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "तुमीच ठिवा सायेब. मला गावात ऱ्हायचं हाय."
टाकी इंचभर उचललेली दिसते. आकाराम म्हणतो, दिसत नाही. त्याचे डोळे तपासायला हवेत.

२८ मार्च
तपासणी. साहेबांसमोर नळ सोडला, काडी ओढली. फुस्स. दुसरी काडी. फुस्स. काडेपेटी संपली. साहेबांना तहान लागलेली आणि चूल मीच फोडलेली. देवा, असा प्रसंग वैऱ्यावर आणू नको.
एवढ्यात आकाराम चहा घेऊन आला. बनुबाईकडून करून आणला होता. साहेबांना आवडला. कशावर केला, म्हणाले. मी म्हणालो, शेणावरच साहेब. त्यात खोटे काय?
साहेब प्रसन्न झाले. नळाचे काय ते दुरुस्त होईल, माणूस तळमळीचा आहे, म्हणाले. मी बदलीचा अर्ज पुढे केला. त्यांनी तो बीडीओंकडे दिला. म्हणाले, "ह्यांना इथून हलवू नका. गॅस नीट पेटेपर्यंत तरी नाहीच."

२९ मार्च
सौ.ला काय लिहू? तीन कागद फाडले.

११ एप्रिल
रजेचा अर्ज नामंजूर. शेरा: गॅस पेटला का?

१९ एप्रिल
मुलगी झाली. पोस्टमनने सांगितले.
कचेरीच्या मागे जाऊन रडलो. मग पाटी घेतली आणि गुरांच्या वाटेने निघालो. आकाराम आता या कामाला येत नाही. बनुबाई पुढे चालली होती. मला बघून थांबली. म्हटले, आता शिव्या. ती म्हणाली, "लेक झाली म्हनं. आज म्हशीमागचं तुमी घ्या."
घेतले.