बिननावाची गोळी

४ डिसेंबर, सकाळ
रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉल १८६. डॉ. अर्हमने कागदावर दोन नावं लिहिली. एक कंपनीची गोळी. दुसरी जेनेरिक. म्हणाला, नाना, औषध तेच आहे, फक्त स्वस्त. आमच्या जुन्या गिऱ्हाईक सुगनबाईंचा मुलगा, माझ्याच घाण्याच्या तेलावर वाढलेला, आणि मला शिकवतो.
कंपनीची घेणार नाही. नावाचे पैसे मोजणारा मी नव्हे. दुकानाच्या पाटीवरच लिहिलंय : तेल बघा, डब्यावरचं नाव नको. आमचं सगळं दुकान सुट्या तेलावर उभं आहे.
जेनेरिकही घेणार नाही. बिननावाच्या गोळीचा काय भरवसा? खडू असेल.
तिसरा मार्ग शोधणार.

४ डिसेंबर, दुपार
रिपोर्ट ऐकून बायको प्रमिला रडली. म्हणाली, आबा असेच गेले, दुकानाच्या गादीवर, एकसष्टाव्या वर्षी. तुम्हाला साठ पूर्ण झाली. तिला समजावलं की आबा मोठे भाऊ खरे, पण बेफिकीर. मी अभ्यास करतो. तिला फरक कळला नाही.

७ डिसेंबर
अभ्यास पूर्ण. मोबाईलवर. लसूण हृदयाला उत्तम. शेंगदाणा उत्तम. वांग्यात फायबर. तिन्ही एकत्र कशात? भरतात. शास्त्रज्ञांना हे सुचलं नाही, कारण हिवाळ्यात ते जळगावला येत नाहीत.
निश्चय : आठवड्यातून तीनदा भरीत. औषध म्हणून.

१४ डिसेंबर
भडगावला मित्र चुडामणच्या शेतात उपचार. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. तेल माझं, पातेलंभर. शेंगदाणा तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, तेव्हा मोजायचा प्रश्न नाही. चुडामण म्हणाला, नाना, हाई बठ्ठं कंपनीस्नं नाटक शे, तू खाय. सगळं कंपन्यांचं नाटक म्हणणारा अनुभवी माणूस. (त्याची बायपास झालीय. पण ते वेगळं.)
भरीत हे औषध, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या हे अनुपान. अनुपान जरा जास्त झालं.

२६ डिसेंबर
रोज पहाटे चालायचं ठरवलं होतं. थंडी फार. थंडीत रक्त घट्ट होतं, म्हणून न चालणंच बरं.
गल्ल्यात अर्हमचा कागद सापडला. जाडसर, चांगला. फुटाण्याची पुडी बांधून दिली. कुणाला ते आठवत नाही. पुराव्याचा निकाल लागला.

१२ जानेवारी
दुसरा रिपोर्ट. २०४.
औषध लागू पडताना आधी वाढतं. साचलेलं बाहेर निघत असणार.
 प्रमिला आबांच्या फोटोचा हार बदलत होती. तेवढ्यात माझ्या छातीत काहीतरी झालं. गॅस होता. पण भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१४ जानेवारी
धुळ्याला गेलो. घरी सांगितलं, पेंडीच्या ढेपेचा भाव बघायला. जळगावात जेनेरिकच्या दुकानासमोर उभा दिसलो असतो तर खडू म्हटलेलं गिळावं लागलं असतं, आणि धुळ्यात मला कोण ओळखतो? दुकानदाराने चिठ्ठी मागितली. चिठ्ठीत फुटाणे बांधले, हे त्याला सांगता येईना. म्हणालो, घरी राहिली. तो म्हणाला, मग घरून आणा.
ढेपेचा भावही विचारायचा राहिला.

१५ जानेवारी, दुपार
सुगनबाई तेलाला आल्या. पिशवीतून पुडीचा कागद काढून गादीवर ठेवला. इस्त्री केल्यासारखा सपाट. म्हणाल्या, नानाभाऊ, पोराचं अक्षर ओळखलं. तीन आठवडे वाट पाहिली, तुम्ही मागायला आला नाहीत. सोबत जेनेरिक गोळ्यांची पट्टी. म्हणाल्या, मी हीच घेते, गोळी बघा, डब्यावरचं नाव नको. दोन गिऱ्हाइकं पाटी वाचून हसली.
मी म्हणालो, तेलाची गोष्ट वेगळी.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आबाही ह्याच गादीवरून मला हेच म्हणाले होते. बिननावाचं नको, तेलाची गोष्ट वेगळी. त्यांनाही अर्हमने हीच लिहून दिली होती.
मला हे माहीत नव्हतं. आबा कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

१५ जानेवारी, जेवणानंतर
प्रमिलेने पाण्याचा तांब्या पुढे केला. गोळी घेतली. इवलीशी आहे.
खडूसारखी लागत नाही.