चार्जिंगची जागा

३ नोव्हेंबर, सोमवार
कालची सोसायटीची मीटिंग. अजून डोकं तापलेलं आहे. वर्गात मुलांवर उगाच ओरडले.

आपल्याच पार्किंगमध्ये, आपल्याच मीटरवरून एक सॉकेट. एवढंच मागितलं. सेक्रेटरी राणे हसत म्हणाले, “मॅडम, तुमची गाडी पेट्रोलवर पण चालते ना? मग चालवा की पेट्रोलवर.” सगळे हसले. मी उभी राहून बोलत होते आणि कॅल्विन स्वतःच्या चपलांकडे बघत बसला होता. गाडी त्याची, हौस त्याची — भांडायचं मी!

५ नोव्हेंबर
राग राण्यांचा की नवऱ्याचा, कळत नाही.

सातिवलीच्या कंपनीतला त्याचा साहेब देश सोडून गेला, जाताना त्याने ही गाडी विकायला काढली. याने मला न विचारता घेतली. म्हणे, प्लग-इन हायब्रिड — रात्री चार्ज केली की पन्नास किलोमीटर नुसती विजेवर, पुढे पेट्रोल. नालासोपाऱ्यात आमचं सगळं येणं-जाणं त्या पन्नासात बसतं. पण चार्ज कुठे करणार? चौथ्या मजल्यावर उचलून आणणार? बाहेरच्या मोठ्या चार्जरना हिचा प्लग बसत नाही. हिला साधं घरगुती सॉकेट लागतं, आणि तीन-चार तास. तेवढंच आमच्याकडे नाही. रिकाम्या बॅटरीचं धूड वाहत पेट्रोलवर फिरतो आहोत.

९ नोव्हेंबर, रविवार
चर्चमधून, मिस्साहून आले आणि गॅलरीतून जाड वायर खाली सोडली. अर्ध्या तासात वॉचमनने काढून ठेवली. “राणेसाहेबांनी सांगितलं.” संध्याकाळी बोर्डवर नोटीस — आमच्या फ्लॅटचा नंबर लाल अक्षरांत. तेरा वर्षं राहतोय इथे.

१० नोव्हेंबर
वीज कंपनीला अर्ज. सहकारी संस्थांच्या निबंधकांना अर्ज. सोडणार नाही.

१८ नोव्हेंबर
कॅल्विनला चार्जिंगला जागा मिळाली. “आहे एक ओळखीचा.” कोण, ते सांगत नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार — कामावरून परस्पर जातो, उशिरा येतो, बॅटरी भरलेली. मी विचारलं, तीन तास तिथे करतोस काय? “बसतो.” बरं आहे. मी इथे अर्ज लिहिते, हा तिथे बसतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
शाळेतून आल्या आल्या लिहायला बसले.

स्टाफरूममध्ये फ्लॉसी टीचर डबा उघडता उघडता सहज म्हणाल्या, “तुमची गाडी हल्ली आमच्या भुईगावात दिसते, निकोलसच्या वाडीत. बरं झालं हो, मिटलं ते.”

निकोलस! माझा थोरला दीर. नऊ वर्षं आम्ही त्या घराची पायरी चढलेलो नाही. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा दवाखाना जवळ म्हणून मीच त्यांना फ्लॅटवर आणलं. नवव्या दिवशी गेल्या. मयताला निकोलसने मला दारात अडवलं — “माझ्या आईला त्या पिंजऱ्यात नेऊन मारलीस, आता रडायला आलीस?” सगळ्या गावासमोर. फादर बाजूला उभे. सासूबाईंचं गू-मूत मी काढलं होतं. कॅल्विननेच तेव्हा माझा हात धरून मला तिथून बाहेर आणलं. “परत इथे यायचं नाही,” असं तोच म्हणाला होता.

आणि आता तिथेच जाऊन वायर लावतो. एका सॉकेटसाठी!

२९ नोव्हेंबर, शनिवार
रिक्षा करून गेले. रिक्षात सगळं पाठ करत होते, दोघांना काय काय सुनवायचं ते.

गाडी केळींच्या कडेला उभी होती, वायर पडवीत गेलेली. मी फाटकातच थांबले. निकोलस खुर्चीत होता. डावा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा, तोंड एका बाजूला ओढलेलं. कॅल्विन त्याच्यासमोर पाटावर बसून त्याच्या उजव्या हाताची नखं कापत होता. एक बोट झालं की निकोलस पुढचं बोट आपणहून पुढे करत होता.

त्यांनी मला पाहिलं नाही. तशीच चालत नाक्यापर्यंत आले.

राग गेलेला नाही, हे लिहून ठेवते.

३० नोव्हेंबर
भांडले. पोटभर.

तो शांतपणे म्हणाला, “कुठेच जागा मिळेना, म्हणून एक दिवस तिकडे वळलो. नुसती वायर लावून परत फिरणार होतो. दार उघडायला त्याला पाच मिनिटं लागली. झटका आलेला मला कोणी सांगितलंच नव्हतं, अँजेला. सकाळी एक बाई जेवण ठेवून जाते, मग दिवसभर एकटा.”

“मग? नऊ वर्षांनी काय बोलला?”

“सॉकेट तिकडे आहे, म्हणाला.”

“माझं नाव काढतो?”

“नाही. मीही काढत नाही.”

हे मला जास्त लागलं. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

४ डिसेंबर, गुरुवार
कॅल्विन तिकडे गेलाच. आज गाडी विजेवर आली तेव्हा आवाजच आला नाही, दारात उभा राहिला तेव्हा कळलं. हातात केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी, वाडीतली वाळवलेली केळी. “त्याने दिली.” कोणासाठी, ते मी विचारलं नाही. खाल्लीही नाहीत.

७ डिसेंबर
एक खाल्लं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
राणे स्वतः वर आले. निबंधकांकडून सोसायटीला पत्र गेलंय. परवानगीचा कागद हातात दिला, चेहरा पाडून म्हणाले, “उद्याच सॉकेट बसवून घ्या.” कॅल्विन अजून यायचा होता. कागद सातवीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात खाली सरकवला. आल्यावर त्याने विचारलं, “सोसायटीचं काही?”

नाही म्हटलं. उद्या भुईगावला जाताना मला शाळेपाशी घे, मीही येते म्हटलं.