गुळाच्या पाण्याचा वास

खालापूर, गुरुवार, ११ जानेवारी १९७३

वेल जगवण्यासाठी आईला रडवावं का?

झाडाचा श्वास वर्गातल्या मुलींना डोळ्यांनी दिसावा म्हणून मी शाळेत काचेची टाकी मांडली. त्यातली पाणवेल पिवळी पडली. तिला कार्बन डायऑक्साइड हवा. सोडावाले चाचा सिलिंडर देतो म्हणाले, पण चावी जरा जास्त फिरली तर टाकीतले मासे गुदमरतील. त्यापेक्षा बाटलीत गूळपाणी आणि थोडी ताडी आंबवावी, नळीतून वायू हळूहळू येतो. आधी घरी करून बघू म्हणून बाटली चुलीपाशी उबेला ठेवली.

संध्याकाळी आईला वास आला.

"काय गं, घरात भट्टी लावलीस? तुझा बाप यापायीच गेला, ठावं हाय ना?"

"आई, हे वेलीसाठी आहे गं."

"त्यो पन औषध हाय म्हनूनच सांगायचा." तिनं पदर डोळ्यांना लावला.

मी बी.एस्सी. झाले, आणि हा वास माझ्या लक्षात कसा आला नाही?

बाटली ओतून राखेनं तीनदा घासली. हाताला वास आहेच. चाचांना सिलिंडर आणायला सांगितलं, आणि शाळेत जाऊन मासे बादलीनं विहिरीत सोडून आले.