पुलाच्या चढावरचा करंट

धुळे, २ मे २०२५

ती. आबांना शि. सा. न.

वि. वि. पुढे, आधी बातमी. फोनवर तुम्ही ‘बठ्ठं बेस शे’, सगळं छान आहे, एवढंच म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितेय. तुमच्या रिक्षेत बसवलेला आमचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटारीला किती करंट द्यायचा ते ठरवणारी डबी, एवढ्या उन्हातही तापत नाही! डबीकडून इथे आमच्या कॉम्प्युटरवर येणाऱ्या आकड्यांत रेल्वेपुलाच्या चढावरसुद्धा करंट फारसा वाढत नाही. इथल्या रिक्षांतल्या डब्या जळाल्या, तुमची एकटीच शाबूत. साहेब म्हणाले, हे आकडे टिकले तर महिनाअखेर उत्पादन सुरू करू. दोन वर्षं या डबीत डोकं खुपसून बसलेय, आबा. फार थकले. हे पार पडलं की घरी येऊन नुसती झोपणार आहे.

लोभ आहेच, त्यात थोडा आमरस मिसळा.

तुमची मेघा

जळगाव, ८ मे

चि. मेघास अ. उ. आ.

फोन यांच्याच खिशात असतो, म्हणून चोरून पत्र. तुझं पत्र यांनी अख्ख्या रिक्षास्टॉपवर वाचून दाखवलं. मला मात्र रडू आलं. अगं, लेकीची डबी आपल्या हातून नापास व्हायला नको, म्हणून हे गाडीला जपतात. दुपारी कडुनिंबाखाली उभी करतात. एकाहून जास्त सवारी घेत नाहीत. पुलाचा चढ आला की खाली उतरतात आणि हँडल धरून ढकलत नेतात. लोक हसतात. मी बोलले, तर म्हणाले, पोरगी एवढी राबली, मला चार पावलं जड नाहीत. परवा पुलावरच चक्कर येऊन खाली बसले. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, ती मोडली.

रागावलीस तरी आमच्यावर माया असू दे.

तुझी आई

धुळे, १२ मे

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

आईवर चिडू नका. साहेबांना मी सगळं सांगितलं. उत्पादन थांबलं, काम पुन्हा पहिल्यापासून. साहेब ओरडलेसुद्धा नाहीत. मीच जिन्यात बसून रडले. तुमचा रागही आला, आबा. उद्या ही डबी दुसऱ्या कुणाच्या भरल्या रिक्षेत, भर दुपारी पुलावर बंद पडली असती, तर ढकलायला तुम्ही कुठे कुठे गेला असता?

आधी डॉक्टरांना दाखवा. रविवारी मी येतेय. रिक्षा सवाऱ्यांनी भरू आणि पुलावर घालू. डबी जळाली तर जळू दे.

या खेपेला लोभ मागत नाही, एवढं एक ऐका. तुम्ही सीटवरून उतरायचं नाही.

तुमची मेघा