तीन आकडे, भागिले तीन

३ मार्च, सकाळी ८.
आजपासून शिस्त. हिचं ब्लडप्रेशर मी स्वतः बघणार. डॉक्टर म्हणाले, फार वर-खाली होऊ लागलं तर लगेच आणा. 'फार' म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं. हरकत नाही. पस्तीस वर्षं कारखान्यात बोल्ट तपासलेत. नियम ठरवला: आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा चढउतार, दहाच्या वर गेलं तरच दवाखाना.

५ मार्च.
१३८, १५०, १६२. सरासरी १५०. फरकांच्या वर्गांची बेरीज २८८. भागिले तीन, ९६. वर्गमूळ ९.८. दहाच्या आत! हिला सांगितलं, तू ठणठणीत आहेस. डोकं जड आहे म्हणाली. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

सायंकाळी.
लेक कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. फोनवर हौसेने सांगायला गेलो. ती म्हणाली, "बाबा, तीनने नाही, दोनने भागा. सरासरी त्याच तीन आकड्यांतून काढलीत, ती त्यांच्या सोयीचीच असणार. खरा चढउतार त्याहून मोठा असतो." फरकांची बेरीज म्हणे नेहमी शून्य, म्हणून दोन कळले की तिसरा आपोआप ठरतो. मोकळे दोनच.
दोनने भागलं तर बारा येतात. म्हणजे दवाखाना.
रोज उठून मोजायचं मी, आणि एक वजा करणार लेक.

६ मार्च.
आज १९१. पट्टा नीट बसला नसणार. खोडला. लेकीचा फोन आला, उचलला नाही.
थोरले बंधू दवाखान्यात चालत गेले होते, परत चौघांनी आणले. हिला उगाच घाबरवायचं नाही. अजून घाबरलेली नाही, पण घाबरेल.

७ मार्च, दुपारी.
ही म्हणाली, एकदा जाऊन येऊ या का? म्हटलं, आठवडाभर थांब. दहा आकडे जमले की नऊने भागा नाहीतर दहाने, फारसा फरक पडत नाही. हे लेकीला सुचलं नव्हतं.

८ मार्च, सकाळी ७.
पट्टा घेऊन गेलो तर ओट्यापाशी खाली बसलेली. तोंड वाकडं. हाक मारली, उत्तर नाही. ॲम्ब्युलन्स बोलावली.

१० मार्च. हॉस्पिटल.
उजवी बाजू गेली. बोलणंही. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. वयाने लहान आहेत, अनुभव कमी. लेकीने वही मागून घेतली, वाचली, मिटून माझ्या मांडीवर ठेवली.
मी हिचा डावा हात हातात घेतला. तिने तो सोडवून घेतला.
डाव्या हातात ताकद उत्तम आहे.