दमलो मी नाही, माझ्या ग्रंथी

३ फेब्रुवारी
मी थकलेलो नाही. हे लिहून ठेवतो, कारण घरात उलटा प्रचार चालू आहे. काल गोठ्यात गाईंना दूध काढायचं मशीन लावता लावता कठड्याला टेकून दोन मिनिटं डोळे मिटले. ग्लेनिस म्हणते वीस मिनिटं. बायको आहे की घड्याळ!
जानेवारीत डोंगर पेटला तेव्हा गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाचा कॅप्टन म्हणून अकरा दिवस उभा होतो. सत्तावीस वर्षं कॅप्टन आहे. थकतात ते दुसरे.

५ फेब्रुवारी
ग्लेनिसने बळेबळे निसर्गोपचारवाल्या सॅफ्रनकडे नेलं. बाई अनवाणीच. माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून म्हणाली, "रॉय, तुम्ही नाही दमलात. तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमल्यात." मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या असतात म्हणे. फार बरं वाटलं. मी ठणठणीत, कामचुकारपणा ग्रंथींचा. आणतो वठणीवर.

६ फेब्रुवारी
कार्यक्रम. पहाटे साडेतीनला उठणे (दूध काढण्याआधी अर्धा तास शांत बसायला). मीठपाणी. अश्वगंधा. दवात अनवाणी चालणे. कॉफी बंद. कामं कमी करणे : ही सूचना तूर्त बाजूला.

९ फेब्रुवारी
डोकं फुटतंय. म्हणजे ग्रंथी प्रतिकार करतायत, म्हणजे उपाय लागू पडतोय. दवापेक्षा शेणातच जास्त चाललो. शांत बसताना खुर्चीवरून पडलो. एक कप कॉफी घेतली, औषध म्हणून. दुसरा चवीसाठी.

१३ फेब्रुवारी
पथकाची बैठक. उपकॅप्टन ट्रूडी, वय अठ्ठावीस, पाण्याचा पाइप धरायला मीच शिकवलेली. सगळ्यांदेखत म्हणते, "रॉय, महिनाभर सुट्टी घे ना. आम्ही बघतो."
मी विचारलं, "मग कॅप्टन कोण?"
"तूच. फक्त झोपलेला."
सगळे हसले. मीही हसलो. मग तणावमुक्तीवर चाळीस मिनिटं बोललो. तीनदा ओरडलो, तेही मुद्दा पटावा म्हणून.

१७ फेब्रुवारी
रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर ट्रान म्हणाले, ग्रंथी उत्तम. मी म्हटलं, "मग दमतंय कोण?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जानेवारीपासून रोज किती झोपता?" मी म्हटलं, हा खासगी प्रश्न झाला.
डोळे मिटले की मेव्हिसबाईंचं घर दिसतं. जानेवारीच्या आगीत ते आम्हाला वाचवता आलं नाही. पण ते डॉक्टरांना कशाला सांगायचं? ग्रंथींचा आणि त्याचा काय संबंध!

२१ फेब्रुवारी, सकाळी १०
काल दुपारी जेवून पाच मिनिटं आडवा झालो. उठलो आज सकाळी नऊला. दूध दोन्ही वेळा ग्लेनिसने काढलं. काल संध्याकाळी खालच्या वाडीत गवताचं कोठार पेटलं, भोंगा वाजला, पथक गेलं, आलंही.
ट्रूडीला फोन करून झापलं. मला उठवलं का नाही?
"उठवलं की. ग्लेनिसने तीनदा. तिसऱ्यांदा तू म्हणालास, ट्रूडीला सांग."
असं मी म्हणणं शक्य नाही. ग्लेनिस म्हणते, म्हणालास, आणि कूस बदलून घोरायला लागलास.
आग विझवायला त्यांना पन्नास मिनिटं लागली. पथकाची नोंदवही काढून पाहिली. गेल्या वर्षी तेच कोठार पेटलं होतं. मला दीड तास लागला होता.
तेव्हा वारा होता.