पट्टी कुणाच्या पाठीवर

प्रिय ढब्बू,

'प्रिय' हे सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. फोनवर तू लगेच रडवेल्या आवाजात बोलायला लागतोस आणि मी विरघळते, म्हणून पत्र. मुद्दा आधीच सांगते: तुझ्या त्या तरुण कवींच्या उपक्रमाच्या पुस्तकात 'पट्टी' ही कविता छापायची नाही, आणि तिचा व्हिडिओही काढून टाकायचा. का, ते तुला चांगलं ठाऊक आहे. तरी सगळं लिहिणार आहे, कारण आपल्या घरात ही गोष्ट कुणी कधी धड बोललंसुद्धा नाही.

तीनशे अर्जांतून बारा जण निवडले आणि त्यात तू होतास, तेव्हा चष्म्याच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी सांगत सुटले होते. माझा भाऊ कवी आहे, मंचावर उभा राहून कविता म्हणतो, वगैरे. आठ महिने दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत तुमचे वर्ग. तुमच्या मार्गदर्शक बाई, ज्यांना तुम्ही पोरं श्वासबाई म्हणता, त्या तुम्हाला भिंतीकडे तोंड करून अर्धा अर्धा तास नुसता श्वास घ्यायला लावायच्या. ऐकून मी पोट धरून हसले होते. पण त्यांचा एक नियम मला मनापासून आवडला होता: कविता ज्याच्यावर आहे त्याला ती आधी वाचून दाखवायची, आणि तो हो म्हणाला तरच ती मंचावर न्यायची.

म्हणून तर तू एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आलास. मी भांडी पुसत होते. तू कागद काढलास आणि बसल्या बसल्या वाचलंस. बाबांची नकाशे काढायची ती लांब लाकडी पट्टी. गणित चुकलं की ती माझ्या पाठीवर, मी अकरा वर्षांची. आणि दारात तू, सहा वर्षांचा, चड्डी ओली झालेली. बस, एवढंच होतं त्यात. मी हातातलं फडकं तोंडाला लावून रडले ते आठवतंय ना तुला? बावीस वर्षं मी धरून चालले होते की तुला काही आठवत नाही. आईला तर विचारायची सोयच नव्हती. 'कसलं काय, मारली असेल एखादी चापट,' म्हणून ती विषय मिटवायची, आणि बाबा गेल्यावर तर ते देवमाणूसच होऊन बसले. त्या दुपारी पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की हे झालं होतं. मी हो म्हटलं. दोनदा म्हटलं.

मग तुमचा शेवटचा कार्यक्रम. दुकान दोन तास आधी बंद करून, आईला घेऊन, दुसऱ्या रांगेत बसले. तू सुरू केलंस आणि पट्टी पडली ती तुझ्या पाठीवर. ओली चड्डी गायब. दारात मी, दगडासारखी. कवितेतली मी मान वळवून आत निघून जाते, त्या ओळीनंतर तू चांगला चार सेकंद थांबलास. ते थांबणं शिकवलेलं होतं, मला कळलं. माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेली आई हुंदके द्यायला लागली. कार्यक्रम संपल्यावर ती मंचामागे येऊन तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, 'माझ्या लेकरा, किती सोसलंस रे.' मी तिची पर्स धरून उभी होते.

तू नंतर फोनवर काय म्हणालास? श्वासबाई म्हणाल्या की बघणाऱ्याची कविता मंचावर चढत नाही, मार खाणाऱ्याची चढते. जागा बदलून बघ. तू लगेच आपल्या दोघांच्या जागांची अदलाबदल केलीस. बदललेली कविता घेऊन पुन्हा माझ्या दारात यायला नको का? पण माझं 'हो' तर आधीच खिशात होतं ना! माझा मार घेतलास आणि वर त्या कार्यक्रमाचं पहिलं बक्षीसही. बाबांनी तुला कधी बोट लावलं नाही, आणि तुझं गणित माझ्याहून वाईट होतं. त्याचा मला कधी हेवा वाटला नाही, उलट बरंच वाटायचं. आता वाटतो हेवा. लाज वाटते सांगायला, पण वाटतो.

गेल्या आठवड्यात एक बाई चष्मा न्यायला आल्या. 'त्या कवितेतली बहीण तुम्हीच का?' म्हणाल्या. त्यानंतर मी काचा पुसून, डबीत घालून हातात देईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काय करणार होते मी, पाठ उघडी करून दाखवू? साक्षीला तू एकटा होतास ढब्बू, आणि तूच फिरलास. आणि मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही, तरी सांगते, पहिली कविता चांगली होती. घाबरलेल्या पोराची होती. तुझी होती.

एवढं होऊनही मी गप्पच बसले असते, मला सवय आहे. पण परवा माझी लेक तुझा व्हिडिओ बघत होती. आठ वर्षांची ती पोर, तुझ्या सगळ्या कविता तिला तोंडपाठ. तीनदा बघितला तिने. मग फोन पालथा ठेवला आणि विचारलं, 'आई, आजोबा मामाला मारत होते, तेव्हा तू का नाही गेलीस सोडवायला?' खरं सांगितलं तर तिचा मामा जातो, नाही सांगितलं तर आई. ते मी ठरवणार नाही. रविवारी तू जेवायला येणार आहेस, तेव्हा मामालाच विचार, असं मी तिला सांगितलंय. ती वाट बघतेय.

तुझीच (दुसरी बहीण नाही तुला, म्हणून),
ताई